दोनशे तीनमधला आवाज

प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार होता. यामिनी दह्याचे रिकामे डबे विसळत होती, गॅसवर पोह्यांना वाफ येत होती. नचिकेत वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातला पायजमा अशा अवतारात मीटिंग सुरू व्हायची वाट बघत होता, आणि नुपूर शाळेचा एक मोजा हातात धरून दुसरा हरवल्याची तक्रार जपानीत करत होती.

तेवढ्यात दार वाजलं. बेल नव्हे, दार. टोकियोजवळच्या इचिकावातल्या त्या इमारतीत बेल सोडून दारावर बोटं वाजवणारं माणूस एकच होतं, खालच्या मजल्यावरची, दोनशे तीनमधली हास्मिक. यामिनीला दार उघडू नये असं वाटलं. गेला महिनाभर ते दार वाजलं की असंच व्हायचं.

हास्मिक आर्मेनियाची. आपले पुणे आणि नगर जिल्हे जोडले तर त्यात मावेल एवढा तिचा देश. तरुणपणी भूकंपात तिचं ग्युम्री गाव कोसळलं, आईवडील त्यातच गेले, आणि दहा वर्षांचा भाऊ वाहे तिच्या पदरात आला. त्याला मोठं केलं, त्याचं लग्न लावून दिलं, मग उशिरा स्वतः एका जपानी माणसाशी लग्न करून ती इकडे आली. तो माणूसही चार वर्षांपूर्वी गेला. आता ती स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमध्ये पाव भाजायची, आणि उरलेले पाव नुपूरसाठी घेऊन यायची.

त्या वर्षी जगाला करोनापुढे काही दिसत नव्हतं. अशात सप्टेंबर संपता संपता तिच्या देशाची शेजारच्या देशाशी लढाई पेटली. वाहेचं वय सैन्यात जायचं नव्हतं, तरी तो आपणहून गेला. तिकडे रात्र झाली, जरा उसंत मिळाली, की तो बहिणीला फोन करायचा. तिकडची रात्र म्हणजे इथली पहाट. फोन घणघणायचा, लाइन खरखरायची, आणि हास्मिक जिवाच्या आकांतानं ओरडून बोलायची. मग फोन ठेवून रडायची. भिंती पातळ. वरच्या मजल्यावर यामिनीचं घर टक्क जागं व्हायचं.

खाली जाऊन दोन शब्द बोलायला काय हरकत होती? पण इथे तसं करत नाहीत, हे यामिनी शिकली होती. नवीन आल्या आल्या तिच्या कुकरच्या शिट्ट्यांबद्दल कुणीतरी इमारत सांभाळणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली होती. नाव कळलं नाही, फक्त सगळ्यांच्या पेटीत सूचना पडली. तेव्हा ती आठवडाभर डाळ पातेल्यात शिजवत रडली होती. टोकियोतल्या एदोगावात राहणाऱ्या मैत्रिणीनं, कश्मिरानं, समजावलं होतं, "अगं, इथली हीच पद्धत. तोंडावर बोलायचं नाही. आपलं नाव येत नाही, भांडण होत नाही. तूसुद्धा शीक."

आणि ती शिकली. ऑक्टोबरमध्ये तिनं कंपनीला फोन केला. उत्तम, नम्र जपानीत. फोन ठेवल्यावर नचिकेत म्हणाला, "वा! आता झालीस अस्सल जपानी." तेव्हा तिला थोडा अभिमानच वाटला होता.

सूचना पडली. हास्मिक ती हातात घेऊन हिच्याकडेच आली. कागद वाचताना तिचे कान लाल झाले होते. आणि यामिनी चक्क म्हणाली, "कोण असतात हो अशी माणसं!"

त्या रात्रीपासून हास्मिक फोनचा आवाज बंद करून झोपू लागली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका पहाटे वाहेचा फोन वाजत राहिला, म्हणजे नुसता उजळत राहिला. सकाळी तिनं उलटा लावला तर लागला नाही. पुढे कधीच लागला नाही. आठवड्याच्या आत लढाई थांबली, आणि वाहे गेल्याचं कळलं.

मग दिवाळी आली. ज्या घरात माणूस गेलं तिथे फराळ करत नाहीत, शेजारपाजाऱ्यांनी न्यायचा असतो, म्हणून यामिनी डबा भरून खाली गेली. हास्मिकनं तिला मिठी मारली, "या इमारतीत तू एकटीच आलीस." चकल्यांचा डबा मध्ये चेपला गेला आणि यामिनीला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

आज दारात तीच हास्मिक, काळ्या स्वेटरमध्ये, हातात कागदात बांधलेल्या बिस्किटांच्या पुड्यांची पिशवी.

"यामिनी-सान, लवकर आले का?"

"छे हो, या ना आत."

"आत नको. सगळ्या दारांना जायचंय. रविवारी वाहेचे चाळीस दिवस. आमच्याकडे त्या दिवशी माणसं जमतात, प्रार्थना होते, जेवण होतं. सगळे रडतात, मोठ्यानं. न रडता उठलं तर आपलं माणूस कुणालाच नको होतं असं होतं." ती ओशाळून हसली. "आवाज होणार. म्हणून इथल्या जपानी पद्धतीनं आधीच पुडा द्यायला निघालेय. पहिली तुझ्याकडे आले. तुझी भीती नाही ना."

यामिनीनं पुडा घेतला. तो हातात जड वाटला.

"बाकीच्यांपैकी कुणीतरी तो फोन केला," हास्मिक खालच्या आवाजात म्हणाली. "मला वाटतं, समोरच्या होसोया आजोबांनी. दोन महिने मी त्यांना सकाळचं 'ओहायो'सुद्धा म्हटलं नाही. जिन्यात ते वाकतात, मी भिंतीकडे बघते. त्यांचं दार कसं वाजवू? तू येतेस का बरोबर?"

आतून नचिकेतनं मराठीत हाक मारली, "यामिनी, पोहे लागतायत. दार लाव." हाकेतला अर्थ तिला बरोबर कळला. गप्प राहा, कुणाला कळणार नाही. खरंच कळलं नसतं. होसोया आजोबा ऐंशीचे. ते जिन्यात तसेच वाकत राहिले असते.

"तो फोन होसोया-साननी नाही केला," यामिनी म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी केला होता फोन. मीच."

हास्मिकनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नुपूर मधेच येऊन उभी राहिली, आईचं तोंड बघून परत आत गेली. करपल्याचा वास दारापर्यंत आला.

"आणि मी कागद घेऊन आले होते तेव्हा..."

"हो. तेव्हाही."

"आणि ते गोड, तिखट सगळं घेऊन आलीस..."

"हो." यामिनीला माफी मागायची होती. माफीचे जपानीत इतके प्रकार तिनं पाठ केले होते, पण त्यातला एकही तोंडून निघेना. "मी खाली येऊन सांगायला हवं होतं, हास्मिक-सान. तुमच्याशी बोलायला हवं होतं."

हास्मिकनं आवाज चढवला नाही. रागावली असती तर यामिनीला सोपं गेलं असतं. तिनं पुडाही परत मागितला नाही.

"होसोया-सानकडे मी एकटी जाईन," ती म्हणाली. "मला त्यांची क्षमा मागायचीय. तू एवढंच कर. त्या कंपनीला फोन कर. तुझं नाव सांग. आणि सांग की रविवारी दुपारी दोनशे तीनमधून तासभर रडण्याचा आवाज येईल, तेवढा येऊ द्या."