चेडत्तीच्या थिएटरातली जायपत्री

कोच्चुत्रेस्या चेडत्तीशी सौदा करायचा म्हणजे मी आदल्या दिवशीच देवाचं नाव घेऊन ठेवतो. चालकुडीच्या बाजारात मी जायफळ आणि जायपत्री विकत घेतो, आणि चेडत्ती, म्हणजे गावभर सगळ्यांची थोरली ताई, माझी शेजारीण. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नशिबी येऊ नयेत. माल तराजूत टाकायच्या आधी ती तराजूलाच चार शिव्या देते, मग मला देते, आणि शेवटी कॉफी पाजून घरी पाठवते. भाव मात्र तिचाच राहतो.

नवरा देवस्सी गेल्यापासून ती एकटीच. देवस्सीने लावलेली जायफळाची झाडं, एक गाय, आणि मुलाने कुवेतच्या पैशातून बांधलेलं दुमजली घर. वरच्या मजल्यावरच्या खोल्या कायम बंद. मुलगा विल्सन वर्षातून एकदा, जुलैच्या सुट्टीत येतो. त्याची बायको लिन्सी तिकडे नर्स आहे, तिला रजा मिळत नाही. म्हणून बाप आणि लेकच येतात, विल्सन आणि त्याची मुलगी एवलिन.

त्या वर्षी एवलिन दहा-अकरा वर्षांची होती. धो धो पाऊस, चिखल, आणि फोन लावला तर आवाज तुटतोय. पोरगी चार दिवस खिडकीत बसून राहिली आणि पाचव्या दिवशी बापाला म्हणाली, "इथे काय आहे?" विल्सन तिला घेऊन धबधब्याजवळच्या एका रिसॉर्टला गेला. उरलेली सुट्टी तिथेच संपली. जाताना दोघं अर्धा तास निरोपाला आले, तेव्हा चेडत्तीने केळ्याचे वेफर्स तळून डबा भरून ठेवला होता. तो गाडीत न्यायचा राहिला.

चेडत्ती रडली नाही. रडणं तिच्या स्वभावातच नाही. ती तो डबा घेऊन माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "पौलोसे, हे खा. आणि सांग, आजकालच्या पोरांना काय लागतं?"

"सिनेमा," मी म्हणालो. मला काय माहीत ही मनावर घेईल!

आठवड्याभरात तिच्या दारात लोनप्पनची स्कूटर उभी. लोनप्पन म्हणजे आमच्या भागातला होम थिएटरवाला. गल्फमधल्या लोकांची घरं इथे जितकी, तितकी त्याची थिएटरं. मालक परदेशात, थिएटर कुलपात. म्हणून बसवून झालं तरी लोनप्पनचं काम संपत नाही. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तो घरोघर हिंडतो आणि बंद खोल्यांत सिनेमे लावून एकटाच बसतो, कारण आमच्या हवेत मशीन नुसतं पडून राहिलं तर भिंगाला बुरशी धरते. माणूस बोलका, पण बिचाऱ्याला दिवसभर ऐकायला कुणी नसतं. चेडत्तीच्या घरी त्याला ती संधीही मिळाली नाही, तिथे चेडत्तीच बोलत होती.

वरची मोठी खोली निवडली. लोनप्पनने खिडकी बंद करून घेतली आणि भिंतींना लावायला काळ्या रंगाचा डबा काढला.

"काळा? माझ्या घरात काय बारमाही गुड फ्रायडे पाळायचाय?" चेडत्ती कडाडली.

"चेडत्ती, भिंत पांढरी असली की पडद्यावरचा उजेड तिच्यावर उडतो आणि चित्र फिकं पडतं. अंधार पायजे."

"माझ्या वेळेला वीज जाऊन फुकट अंधार मिळायचा. त्याचे पैसे घेतोस?"

पण रंग लागला. प्रोजेक्टर छताला उलटा टांगला, समोर पडदा ताणला, आणि लोनप्पनने बटण दाबलं. पडद्यावर माणसं डोकं खाली, पाय वर करून नाचायला लागली. चेडत्तीने छातीवर क्रूस काढला. "अरे मेल्या, संत पत्रोसाला क्रुसावर टांगला तसं सगळ्यांना उलटं टांगलंस की!"

"मशीन उलटं आहे ना, म्हणून. आता त्याला सांगतो, तू उलटा आहेस, चित्र तेवढं सुलट दाखव." त्याने सेटिंग बदललं, माणसं पायावर आली. चित्र वर रुंद आणि खाली निमुळतं दिसत होतं, तेही त्याने मशीन जरा खाली-वर करून, चारी कोपरे पडद्याला टेकवून सरळ केलं. मग भिंगाची कडी फिरवत राहिला, पडद्यावरच्या नटीच्या पापण्या मोजता येईपर्यंत. चेडत्ती गप्प झाली. ती गप्प झालेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

खोलीला आशीर्वाद द्यायला पाद्रीबाबा आले. नवी खोली म्हटल्यावर तीर्थ शिंपडणं आलंच. त्यांनी पहिला हात छताकडे उगारला तसा लोनप्पन अंगातला शर्ट काढून स्टुलावर चढला आणि तो मशीनवर टाकून, दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिला. आशीर्वाद सगळा त्याच्याच पाठीवर पडला.

जाताना त्याने चेडत्तीला तीन गोष्टी शिकवल्या. बंद करताना आधी रिमोटचं बटण, मग मशीनमधला पंखा थांबेपर्यंत वाट, आणि मगच भिंतीवरचा स्विच. आठवड्यातून एकदा तरी मशीन चालवायचं. आणि पावसाळाभर खोलीतलं ओल शोषणारं यंत्र बंद करायचं नाही.

इथेच सगळी गोम होती. चेडत्ती दिवेलागण झाली तरी वीज वाचवायला तासभर अंधारात बसणारी बाई. रिकाम्या खोलीसाठी रात्रंदिवस यंत्र चालतंय, हे तिच्या गळी उतरेना. रोज वर जाऊन ती यंत्राच्या टाकीत साठलेलं पाणी पाहायची आणि सुस्कारे सोडायची. पुढच्या वर्षीचा जून लागला. झाडावर जायफळं उकलायला लागली, आणि नेमका सूर्य गायब झाला.

जायपत्री म्हणजे जायफळाच्या बीभोवतीचं फुलासारखं आवरण. ती नवरीसारखी लालभडक असते, पण वाळवायला ऊन नसेल तर दोन दिवसांत काळी पडते. आमच्याकडे सगळे पावसाळ्यात चुलीवर सुपं टांगून धुरात वाळवतात. माल वाचतो, पण धुराचा वास लागतो आणि मी भाव पाडतो. त्या वर्षी मात्र चेडत्तीच्या पोत्यातून अशी जायपत्री निघाली की मी बघतच राहिलो. अख्खी फुलं, केशरी-लाल, धुराचा मागमूस नाही. बाहेर तर दोन आठवडे ऊन नव्हतं.

"चेडत्ती, ही कुठे वाळवलीस?"

"तुला माल पायजे का माझी कुंडली?"

पण तिलाही कुणाला तरी सांगायचंच होतं. एका दुपारी तिने मला वर नेलं. काळ्या खोलीत, मऊ मऊ खुर्च्यांवर एकेक सूप, आणि सुपांत जायपत्री. कोपऱ्यात ओल शोषणारं यंत्र घरघरतंय. पडद्यावर विल्सनच्या लग्नाचा व्हिडिओ चालू. लोनप्पनने तो तिला पेनड्राइव्हवर घालून दिला होता. आणि पडद्याच्या मधोमध, भिंतीएवढा मोठा, हातात बिर्याणीचं पातेलं घेतलेला देवस्सी पाहुण्यांना आग्रह करत होता.

"आठवड्याला मशीन चालवायचं म्हणाला ना तो," चेडत्ती म्हणाली. मांडीवर चाळणी घेऊन ती जायपत्रीतला भुगा चाळत होती. "मग हे चालवते. बघ, किती वाढतोय मेला. आपल्या ताटात काही उरलं का बघायची शुद्ध नाही."

मी चपला दाराबाहेर काढल्या होत्या, त्या घालायला वाकलो आणि जरा वेळ वाकूनच राहिलो. देवस्सी माझा मित्र होता. मग मी खाली उतरलो आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे भाव दिला.

जुलैत विल्सन आणि एवलिन येणार म्हणून कळलं, तशी चेडत्तीची धांदल उडाली. थिएटरची गोष्ट तिने फोनवर सांगितली होती, सुपांची नाही. सुपं तिने आपल्या पलंगाखाली सरकवली, खुर्च्या झटकल्या, आणि वास जावा म्हणून खोलीत ऊद जाळला. कोंबडं झाकलं म्हणून काय तांबडं फुटायचं राहतं? खोलीला आता मसाल्याच्या गोदामात चर्चची मिस्सा चालल्यासारखा वास यायला लागला.

पहिल्या दुपारीच सिनेमा ठरला. शेजारी म्हणून मलाही बोलावलं. चेडत्ती ठेवणीतलं पांढरं मुंडू नेसून, कानाच्या वरच्या पाळीत सोन्याच्या जाड कड्या घालून, अगदी मागे बसली. तिला पडदा नाही, पोरीचं डोकं बघायचं होतं. एवलिन पुढच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. "वा!" म्हणाली. तेवढ्या एका "वा"वर चेडत्तीचा चेहरा असा काही फुलला!

समुद्रातल्या राक्षसांचा कसलासा सिनेमा होता. पण समुद्र पिवळा दिसत होता आणि राक्षस धुक्यात. अर्ध्या तासात मशीनने लाल दिवा मिचकावला आणि सगळा अंधार. विल्सनने पुन्हा लावलं, पाच मिनिटांत पुन्हा बंद. तिसऱ्यांदा लागलंच नाही. बाहेर पाऊस कोसळत होता.

एवलिन पाय खाली सोडून म्हणाली, "पप्पा, रिसॉर्ट बुक करू या ना."

विल्सनने खिशातून फोन काढला. मी मागे वळून चेडत्तीकडे पाहिलं नाही, माझी छातीच झाली नाही.

लोनप्पनला बोलावणं गेलं. तो भिजत आला, स्टुलावर चढला, भिंगावर बोट फिरवलं. "हे कशानं पुसलं?"

"माझ्या मुंडूच्या सोग्यानं. स्वच्छ होता," चेडत्ती म्हणाली.

मग त्याने मशीनच्या कुशीतली हवा घ्यायची जाळी ओढून काढली. जाळीवर बोटभर केशरी थर. त्याने हुंगला. खोलीभर वास सुटला. लोनप्पन हळूच म्हणाला, "मशीनचा श्वासच कोंडलाय, तापून बंद पडतंय. मी कोचीपर्यंत थिएटरं बसवली. जाळीत पाल सापडली, मुंग्या सापडल्या. बिर्याणीचा मसाला पहिल्यांदा सापडतोय."

सगळे चेडत्तीकडे बघायला लागले. तिने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचारा. जायपत्रीचा धंदा याचा."

"पौलोसेट्टा, तुम्ही?" विल्सन.

"अरे, मी कशाला तुमच्या घरात..." मी ओरडलो, पण तोवर विल्सनला उलगडा झाला होता. "अम्मे! थिएटरात मसाला वाळवलास? एवढी महागाची वस्तू!"

तेव्हा मात्र चेडत्ती उठून उभी राहिली. "हो, वाळवला! वस्तू माझी, पैसा माझ्या झाडांचा. रात्रंदिवस ही खोली कोरडी ठेवायची, ती कुणासाठी? तुम्ही येणार वर्षातून एकदा, त्यातही चार दिवस. बाकीचे दिवस मी इथे कुणाची वाट बघत बसू? काहीतरी वाळत होतं म्हणून मी वर तरी येत होते!"

फोन विल्सनच्या हातातच राहिला.

एवलिनने लोनप्पनच्या हातातली जाळी घेतली होती. नाकाला लावून ती जोरात शिंकली. मग पुन्हा लावली. "अम्माम्मा, हे काय असतं?"

"दाखवते, चल," चेडत्ती गुरगुरली.

पलंगाखालची सुपं बाहेर ओढली, तेव्हा त्यांच्यावर पांढरी बुरशी चढायला लागली होती. दोन दिवसच झाले होते. पोरीने एक लाल फूल तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि बापाला म्हणाली, "पप्पा, हे खराब होतंय. वर ने ना."

"वर थिएटर आहे, एवलिन."

"थिएटर तर बंदच आहे."

लोनप्पनने जाळी धुतली होती आणि ती हातात धरून तो उभा होता. "हिलाही वाळवायला हवं, आणि बाहेर तर हा पाऊस. कोरडी जागा गावात एकच आहे," तो म्हणाला. विल्सनला हसू आवरलं नाही. त्याने मुकाट्याने सुपं उचलली. त्या दिवशी काळ्या खोलीत मागच्या खुर्च्यांवर जायपत्री आणि पुढच्या खुर्चीवर प्रोजेक्टरची जाळी, असं सगळं वाळत पडलं. लोनप्पनने कायदे घालून दिले: सुपं मशीनपासून लांब, त्यांच्यावर मच्छरदाणीचं कापड, चाळायचं काम खाली स्वयंपाकघरात, आणि भिंगाला चेडत्तीने हात लावायचा नाही, देवाशप्पथ.

रिसॉर्टला ते गेले, नाही असं नाही. विल्सनने बुकिंग करूनच टाकलं होतं. पण दोन रात्रींनी परत आले. एवलिनने मग उरलेल्या सुट्टीभर रिमोट कुणाला दिला नाही. राक्षसांचा सिनेमा पुरा झाला, आणखी कितीतरी झाले, आणि एका दुपारी लग्नाचा व्हिडिओही लागला. कधीच न पाहिलेला आजोबा भिंतीएवढा बघून ती म्हणाली, "अम्माम्मा, यांना थांबवू?" आणि तिने चित्र थांबवलं. चेडत्ती बराच वेळ तशीच बघत बसली, हातातली जायपत्री तशीच हातात.

पुढच्या वर्षी पाऊस उशिरा आला. जुलै लागला तरी जायफळं झाडावर घट्ट मिटलेली. एका सकाळी चेडत्ती माझ्या दुकानात आली, छत्री मिटली, आणि पोत्यांवरून नजर फिरवत म्हणाली, "माझी गेल्या वर्षीची जायपत्री उरलीय का तुझ्याकडे?"

"थोडी आहे. का?"

"दे. दोन सुपं भरतील एवढी."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडून काही विकत घेतलं नव्हतं. मी मुद्दाम चढा भाव सांगितला, निदान भांडायची मजा तरी येईल. ती भांडलीच नाही. मुंडूच्या सोग्याची गाठ सोडून पैसे काढायला लागली. मला धसकाच बसला.

"अगं चेडत्ती, ही वाळलेलीच आहे. पुन्हा काय वाळवणार?"

"वाळवायला नाही रे," ती म्हणाली. "काल पोरीचा फोन आला. कुवेतच्या थिएटरात कसलाच वास येत नाही म्हणते, मजा येत नाही. उद्या येतेय ती. खोलीत काहीच नसलं तर काय म्हणेल?"