कुत्रे धुणारी पारास्का

पारास्का वोयतोविचबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे मला आधी खुर्चीत सावरून बसावं लागतं. चर्चच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात मी तिच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलं आणि त्यातला बराचसा वेळ तिची बोलणी खाण्यात गेला. ‘स्लाव्का, पिरोहीच्या कडा नीट दाब. उकळताना तोंड उघडतात, तुझ्यासारखं.’ पिरोही म्हणजे बटाटा भरून उकळायच्या करंज्या, आणि हे ती सगळ्या बायकांसमोर म्हणायची. सुगी संपली की आमच्या झेलेना गावात जेवणावळ होते, आसपासची गावं लोटतात. त्या जेवणावळीची मुख्य ती, आणि तिच्या खालची मी. बोर्श्टचा, म्हणजे आमच्या बिटाच्या सूपचा, डाव तिच्याशिवाय कुणी हातात घ्यायचा नाही, असा नियमच होता.

पण गावाबाहेर तिचं नाव झालं ते बोर्श्टमुळे नाही, कुत्र्यांमुळे.

आमच्याकडे, कॅनडातल्या सस्कॅचवनच्या या सपाट गव्हाच्या मुलखात, स्कंक प्रत्येकाच्या कोठाराखाली बिऱ्हाड करून असतात. मांजराएवढा काळा जीव, पाठीवर पांढरा पट्टा, चालणं निवृत्त हेडमास्तरांसारखं. तो कुणाच्या वाटेला जात नाही. कुत्रे त्याच्या वाटेला जातात. त्याची शेपटी वर झाली की पळायला हवं, पण वेळेवर पळालेला कुत्रा मी अजून पाहिलेला नाही. मग तो फवारा आणि तो वास. लसूण, जळकं रबर आणि कुजकी अंडी एकत्र शिजवली तर थोडीफार कल्पना येईल. असा कुत्रा घरात शिरला की पडद्यांपासून पावापर्यंत सगळं बाद होतं.

पूर्वी सगळे जण कुत्र्यावर टोमॅटोचा रस ओतायचे. तळघरातल्या बरण्या रिकाम्या व्हायच्या, कुत्रा गुलाबी व्हायचा आणि टोमॅटोत शिजवलेल्या स्कंकसारखा वास मारत गावभर फिरायचा. पारास्काने ते बंद केलं. तिचं मिश्रण साधं होतं. जखमेवर ओतलं की फेसाळतं ते औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्यांचा पातळ साबण. आयत्या वेळी कालवायचं, उरलेलं फेकायचं. एकदा तिने झाकण घट्ट लावून ठेवलं तर पडवीत बरणीचा स्फोट झाला. कुत्र्याला आधी पाण्याने भिजवायचं नाही, कोरड्या केसांतच चोळायचं, डोळे सांभाळायचे, थोडं थांबून धुवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सगळ्यांना पाठ होतं. तरी कुत्रे तिच्याकडेच यायचे, कारण ते करायला त्या वासात उभं राहावं लागतं आणि ती राहायची. धडधाकट शेतकरी कुंपणापलीकडे नाकाला रुमाल लावून उभे, आणि ही बाई कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून त्याच्याशी गप्पा मारत चोळतेय! फादर एकदा प्रवचनात म्हणाले की, महारोग्यांचे पाय धुणाऱ्या संतांबद्दल आपण ऐकतो, पण आपल्या गावात तर ते डोळ्यांनी पाहतो. पारास्का मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, नम्रपणा. पारास्का आणि नम्रपणा! मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आणि तिचा नवरा मेत्रो ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला. बायको कोपरापर्यंत फेसात आणि हा बसल्या जागेवरून हुकूम सोडतोय, ‘अजून.’ मग उठून रमतगमत रस्त्यापर्यंत जाणार, तिथे उभा राहून आकाश बघणार, परत येऊन कुत्र्यापाशी वाकणार आणि म्हणणार, ‘अजून.’ अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की ‘झालं.’ जेवणावळीच्या दिवशीही तो चुलीपाशी स्टुलावर. बोर्श्टचा पहिला चमचा त्याला. तो काहीतरी पुटपुटायचा, ती व्हिनेगर नाहीतर शेपू घालायची. नवऱ्याचे एवढे लाड मला बघवायचे नाहीत. मी त्याला तोंडावर विचारलं होतं, ‘मेत्रो, देवाने हात दिलेत ते काय नुसते बाह्यांत भरायला?’

‘हो,’ मेत्रो म्हणाला. मेत्रो एकूण एवढंच बोलायचा.

मग एका वर्षी मार्चमध्ये तो गेला. उन्हाळाभर पारास्काने एकही कुत्रा घेतला नाही. ‘गुडघे दुखतात,’ म्हणायची. कॅलगरीहून मुलीचा दर रविवारी फोन, घर विकून टाक आणि आमच्याकडे ये. पारास्काचं उत्तर ठरलेलं, ‘आणि जेवणावळ कोण बघणार, स्लाव्का?’ माझं नाव ती अशा सुरात घ्यायची की पलीकडे मुलगीही हसत असणार. पण स्वयंपाकघर सुटलं तर तिला या गावात राहायला कारण उरणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. मला तर जरा जास्तच कळत होतं.

जेवणावळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही हॉलमध्ये जमलो. पारास्का यायच्या आधी तिचा वास आला.

जेनीने हातातली पिरोही खाली ठेवली. जेनी आमच्यातली सगळ्यात तरुण, तोंडाने फटकळ. ती हळूच म्हणाली, ‘कोबी जळाला का गं?’

‘कोबी अजून चिरलाय कुठे!’

तेवढ्यात दारात पारास्का उभी. अंगात लोकरीचं जाकीट, मागे तिचा कुत्रा, बुर्को. बुर्को शुभ्र, फुललेला, नुकताच धुतलेला, आणि वासाने डोळ्यांतून पाणी काढील असा. गुरुवारी त्याला स्कंकने गाठलं होतं आणि तिने एकटीने धुतला होता.

‘काय बघत बसलात? बीट काय स्वतःहून कपडे काढणार आहे?’ पारास्का म्हणाली, आणि कामाला लागली.

आमच्याकडे विधवेला पहिलं वर्षभर कुणी दुखवत नाही, आणि पारास्काला तर कधीच नाही. एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग मागचं दार. ‘फार उकडतंय,’ जेनी म्हणाली. बाहेर गवतावर दहिवर गोठलं होतं. फादर डोकावले, उंबऱ्यावरच थबकले, म्हणाले, ‘वा! काय... काय मेहनत चाललीय!’ आणि आशीर्वाद तिथूनच देऊन चालते झाले.

असा तासभर गेला. बोर्श्टचं मोठं पातेलं चुलीवर चढलं, आमची बोटं गारठली, आणि शेवटी मलाच राहवेना.

‘पारास्का, तुझ्या कुत्र्याला वास येतोय. आणि तुलाही.’

‘दोनदा धुतलाय मी त्याला. स्वच्छ आहे. तुझं नाक जन्मापासून वर असतं, त्यात काही पडलं असेल ते बघ.’

बोलली खरी, पण लगेच एकेकीच्या तोंडाकडे बघायला लागली. जेनीच्या, मग बाकीच्यांच्या, मग परत माझ्या. निकालाचा कागद वाचावा तशी वाचत होती. आणि तिच्या पाठीशी पातेल्याच्या तळाला बीट लागत होतं. स्कंकच्या वासातूनही मला तो करपट वास आला. ती पातेल्याला जवळजवळ टेकून उभी होती, डाव तिच्याच हातात होता, आणि तिला पत्ता नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिला वासच येत नाही! खरं सांगते, मला आधी आनंद झाला. एवढंच मोठ्याने विचारायचं होतं, ‘पारास्का, करपल्याचा वास येत नाही का गं?’ सगळ्यांना कळलं असतं आणि डाव माझ्या हातात आला असता. तोंड उघडलंही होतं मी. पण ती अजून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. या बाईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी हात लांबवून चुलीचा गॅस बंद केला. ‘जेनी, हे दुसऱ्या पातेल्यात काढ, तळ खरवडू नकोस. माझ्या बडबडीपायी लागलं खाली. आणि पारास्का, तू चल गं, कुत्रा धुवायचाय.’

आम्ही दोघी तिच्या अंगणात आलो. मग तिने टब काढला, सोडा काढला, आणि मी विचारलं, ‘कधीपासून?’

‘चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरले होते ना? डोकं आपटलं होतं.’

‘ते? अगं, तेव्हा माझी मुलं शाळेत होती!’

‘हो.’

‘आणि कळलं कसं?’

‘आमचा आधीचा कुत्रा बाहेरून आला आणि मांडीवर बसला. मी त्याचे कान खाजवत बसले. बघते तर मेत्रो खिडकीतून बाहेर उडी मारतोय.’

‘खिडकीतून?’

‘दाराच्या वाटेत आम्ही दोघं होतो.’

मला हसू आवरेना. तीही हसली, पण लगेच थांबली.

‘कुणाला तरी सांगायचंस.’

‘कुणाला? तुला? दुसऱ्या दिवशी डाव तुझ्या हातात असता.’

‘त्याच दिवशी,’ मी म्हणाले.

ती चोळत होती, मी बुर्कोचं डोकं धरलं होतं. पहिल्यांदा मला दोनदा ओकारी आली, मग हळूहळू बरं वाटायला लागलं. तिने धुऊन विचारलं, ‘झालं?’ मी वाकून वास घेतला. काही नाही. ‘झालं की!’ मी म्हणाले. त्याच वेळी एक शेजारी ट्रक घेऊन रस्त्याने चालला होता. त्याने हात दाखवायला काच खाली केली आणि हात न दाखवताच वर केली.

‘रस्त्यापर्यंत जाऊन ये,’ पारास्का म्हणाली.

‘कशाला?’

‘वासात उभं राहिलं की नाक मरतं. मोकळ्या हवेत गेलं की परत जिवंत होतं. मेत्रो जायचा.’

म्हणजे तो आकाश बघायला जात नव्हता! मी गेले. थंड हवा छातीत भरून घेतली आणि परत फिरले. फाटकाशीच वासाने असा ठोसा मारला की मी तिथूनच ओरडले, ‘अजून!’ त्या दुपारी मी किती फेऱ्या घातल्या कोण जाणे. पाय मोडले, पण शेवटी ‘झालं’ म्हणाले तेव्हा खरंच झालं होतं. जाकीट तिने मुकाट्याने उकिरड्यावर टाकलं.

रविवारी ती डाव घेऊन उभी राहिली आणि मी चुलीपाशी स्टुलावर बसले. पहिला चमचा मला. ‘व्हिनेगर,’ मी पुटपुटले.

‘किती?’

‘मला काय विचारतेस? मला कधी हात लावू दिलायस का?’

तिने अंदाजाने घातलं आणि बरोबर पडलं. रांग दारापर्यंत गेली, लोकांनी वाडगे पुसून खाल्ले, आंबट साय दोनदा संपली. जेनी येता-जाता मला टोमणे मारत होती, ‘स्लाव्कामावशी, हातपाय हलवणार की नुसतं चाखत बसणार?’

‘बसणार,’ मी म्हणाले.

संध्याकाळी सगळ्या गेल्या. आम्ही दोघी पातेली घासत होतो. पारास्काचा हात मधेच थांबला.

‘एक विचारू?’

ही बाई परवानगी मागतेय म्हटल्यावर मी नळ बंद केला.

‘मेत्रोच्या अंगाला कसला वास यायचा गं? मी पडले त्याच्या आधीचा आठवतो. ट्रॅक्टरचं तेल आणि सूर्यफुलाच्या बिया. पण त्यानंतर तो म्हातारा झाला, आजारी पडला. मी त्याला आंघोळ घालायचे, कूस बदलून द्यायचे. पण वास कसा होता ते मला माहीतच नाही. त्याची उशी तशीच ठेवलीय. रोज तोंडाशी धरते. काहीच येत नाही.’

सूर्यफुलाच्या बिया म्हटलं असतं तर ती खूश झाली असती. पण कालपासून या बाईने माझ्या नाकावर भरवसा टाकला होता.

‘स्कंकचा,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘स्कंकचा, पारास्का. तुमच्या दोघांच्याही अंगाला. फार नाही, पण कायम. चर्चमध्ये तुमच्या मागचा बाक रिकामा का असायचा, असं वाटलं तुला?’

‘मला वाटायचं, मान देतात!’

‘देत होते. लांबून.’

ती उलट्या खोक्यावर मटकन बसली. खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय ते कळेना. मग कळलं, दोन्ही. ‘मेला,’ ती म्हणाली, ‘एवढी वर्षं एका शब्दाने बोलला नाही. वास मारत बसला माझ्याजवळ.’ डोळे पुसले आणि एकदम उठली. ‘मग उशीला येत असेल. हो ना? अजून येत असेल. चल.’

हात ओलेच होते माझे. तिने मला तसंच घरी नेलं, पलंगापाशी उभं केलं आणि उशी दोन्ही हातांनी पुढे धरली. मी तोंड खुपसून श्वास घेतला. पुन्हा घेतला. खोलीबाहेर जाऊन परत आले आणि तिसऱ्यांदा घेतला. धुळीशिवाय त्या उशीला कशाचाही वास नव्हता.

मी मान वर केली. पारास्का माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘शी!’ मी म्हणाले, आणि तिला नीट दिसेल असं नाक मुरडलं.