पहिल्या रविवारचा रस

अर्धा किलो काळ्या मनुका शुक्रवारी संध्याकाळी दोन लिटर पाण्यात भिजत घालायच्या. शनिवारी दुपारी मंद आचेवर ठेवायच्या, फुगून फुटल्या की डावाने चेचायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. सव्वा लिटर रस निघतो. आमच्या चर्चमधल्या काचेच्या चिमुकल्या पेल्यात दहा मिलिलिटर मावतं, म्हणजे सव्वाशे पेले. घेणारे एकशे दहाच्या आसपास. उरलेला रस सांडलवंडीला धरायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेच्या शेवटी भाकरीचा तुकडा आणि या रसाचा एक घोट सगळ्या मंडळीत फिरतो. आम्ही ख्रिस्ती लोक त्याला प्रभुभोजन म्हणतो. रस पूर्वी माझी आई करायची. ती गेल्यावर पुढच्याच महिन्यात आत्या भरलेली बाटली घेऊन आली आणि टेबलावर ठेवून गेली. कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि कुणी तिला अडवलंही नाही. मात्र त्या एकशे दहा माणसांत आत्या नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. त्याआधी तेवीस वर्षं माझ्या या एकुलत्या एक आत्याने मंगळवार पेठेतल्या एका लिंगायत व्यापाऱ्याशी कचेरीत जाऊन लग्न केलं होतं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी तिला शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे असं, की उपासनेला यायचं, गायचं, प्रार्थना करायची, पण प्रभुभोजनाला बसायचं नाही. मंडळीसमोर उभं राहून त्या लग्नाचा पश्चात्ताप सांगितला, तर पुन्हा बसता येईल. त्या ठरावाखाली पाच सह्या आहेत. तिसरी माझ्या वडिलांची. सख्ख्या भावाची.

आत्याने पश्चात्ताप सांगितला नाही आणि चर्चही सोडलं नाही. दर रविवारी ती शेवटच्या बाकावर बसायची. पहिल्या रविवारी प्रवचन संपून गीत सुरू झालं, की पदर सावरून उठायची आणि बाहेर पडायची. तेव्हा घड्याळात साधारण दहा चाळीस झालेले असत. फाटकाबाहेर तिचे यजमान स्कूटर घेऊन उभे असत. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, मीही त्यांना मामाच म्हणायचो. कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा. ते कधी फाटकाच्या आत आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं.

मी तेव्हा पंचांचा चिटणीस होतो. नोकरी वारणानगरला, दुधातली फॅट मोजायची. दिवसभर काचेची नळी डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा, आणि रविवारी चर्चच्या वहीत हजेरी मांडायची. त्या वहीत आत्याच्या नावापुढे दर महिन्याला एक आडवी रेघ असे. तेवीस वर्षांच्या दोनशे शहात्तर रेघा. त्यातल्या शेवटच्या पन्नासेक माझ्या हातच्या. रेघ मारताना मला कधी काही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे.

शनिवारी दुपारी बाटली आणायला मी आत्याकडे जायचो. त्या दुपारी आता आठवल्या की त्यांच्या कडा नीट दिसत नाहीत. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तिच्यातून पिवळं ऊन यायचं आणि पातेल्यातून निघालेली वाफ त्या उन्हात उभी राहायची. गोड, थोडा मातकट वास. आत्या त्या वाफेपलीकडे डाव हलवत बसलेली असे आणि तिचा चेहरा मधूनच दिसे, मधूनच जाई. पेठेतला सगळा गलबला त्या दारापाशी येऊन विरून जायचा. मला तिथे झोप यायची. रस गाळून होईपर्यंत मी भिंतीला टेकून डोळे मिटायचो आणि फडक्यातून पडणारे थेंब ऐकायचो. मनुका मामांच्याच दुकानातल्या. ते गादीवर बसून एकेका मनुकेचा देठ खुडून पुडा बांधायचे. म्हणजे ज्या लग्नापायी आत्याला मज्जाव होता, त्याच लग्नाच्या घरातून आमच्या सगळ्यांच्या पेल्यातला रस येत होता. हा हिशेब माझ्या ध्यानात यायला मला फार वर्षं लागली.

मग नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. वय चाळिशीचं, बोलणं कमी. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं, "गीत सुरू झालं की त्या बाई का उठून जातात?"

मी वही दाखवली. त्यांनी ठराव वाचला, सह्या पाहिल्या. म्हणाले, "त्यांना बसायची इच्छा आहे का, एवढं विचारून या."

मी आत्याला विचारलं. तिने डाव पातेल्यात सोडला.

"इच्छा?" ती म्हणाली. "दर महिन्याला फाटकात थांबतो आमी. त्यो म्हणतो, चल, ऊन लागंल. मी म्हणते, थांब. गीताचं तिसरं कडवं झालं की आत पेले उचलत्यात. ते झालं की मगच स्कूटरवर बसते मी. इतक्या वर्षांत एकदा बी आधी निघालो न्हाय. आणि तू इच्छा इचारतोस व्हय रं?"

माझ्या स्वभावाप्रमाणे मी तिच्यासाठी निवेदन लिहून नेलं. पाच वाक्यं, सुवाच्य अक्षरात. तिने चष्मा लावून वाचलं आणि तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"लग्नाचा पश्चात्ताप. हे न्हाय म्हणनार मी."

"आत्या, एक वाक्य आहे. म्हणायचं आणि बसायचं."

"देवाच्या घरात उभं ऱ्हाऊन खोटं बोलू? आणि त्येबी त्या मानसाबद्दल, जो तेवीस वर्षं मला चर्चला सोडायला येतोय? तुज्या बापानं तरी कवा सोडलं का रं मला कुठं?"

मग तिने कागदाची घडी घातली आणि आवाज उतरवून म्हणाली, "पश्चात्ताप हाय मला. लई हाय. पर त्यो तुमच्या कागदात न्हाय."

राधानगरीला माझी आजी, म्हणजे आत्याची आई, शेवटचं आजारी पडली तेव्हाची गोष्ट तिने मला त्या दिवशी सांगितली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आई खाटेला खिळली आहे हे आत्याला उडत उडत कळलं. घरून निरोप आला नव्हता. बाहेर धो धो पाऊस. मामांनी ओळखीच्या माणसाची जीप दारात आणून उभी केली. आत्या म्हणाली, बोलावलं नाही तर जाणार नाही. जीप दीड तास दारात उभी राहिली आणि परत गेली. चौथ्या दिवशी निरोप आला तो माती झाल्याचा.

"त्यो म्हणत हुता, चल. पाया पडून म्हणत हुता. मीच ताठले," आत्या म्हणाली. "आई दाराकडं बघत गेली म्हणं. ह्येच्याबद्दल कुनी इचारलं का मला आजवर? तुमच्या पंचांनी, तुज्या बापानं? लग्नाचंच धरून बसल्यात समदे."

पातेल्यातला रस तोवर तळाला लागायला आला होता. तिने उठून गॅस बंद केला.

ते दिवस ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे होते आणि आमचं स्त्रीमंडळ प्रभूच्या मागे चाललेल्या बायकांचा अभ्यास करत होतं. मंडळाच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळं चर्च त्यांना मास्तरीणबाई म्हणायचं. त्यांचे यजमान आमचे थोरले पंच. मास्तरीणबाईंनी मला काम दिलं होतं: बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांतून या बायका वेचून तक्ता करायचा. कोण, कुठून आली, तिने काय केलं, ती काय बोलली. मी चार रकाने आखले. काहींनी स्वतःजवळचं देऊन शिष्यांची सोय पाहिली. काही वधस्तंभापाशी उभ्या राहिल्या, तेव्हा पुरुष पळाले होते. काही पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेवर गेल्या.

मग ती एक आली, जिला गाव पापी म्हणायचं. प्रभू एका मोठ्या धार्मिक माणसाकडे जेवायला बसलेले असताना ती सुगंधी तेलाची कुपी घेऊन आत शिरली. पायांपाशी रडली, केसांनी पाय पुसले, तेल लावलं. त्या धार्मिक माणसाला ते आवडलं नाही. प्रभूने मात्र तिच्या पापांची क्षमा झाल्याचं सांगितलं. मी चौथा रकाना भरायला गेलो आणि पेन थांबलं. मी तो उतारा पुन्हा वाचला. मग बोट ठेवून, ओळ ओळ करून तिसऱ्यांदा वाचला. तो धार्मिक माणूस बोलतो, प्रभू बोलतात, जेवायला बसलेले बोलतात. ती बाई बोलतच नाही. एकही शब्द नाही. कुठलं पाप, कधी केलं, कुणाबरोबर, काही नाही. आणि तिला कुणी ते विचारतही नाही.

लहानपणापासून ही गोष्ट मी ऐकत आलो होतो आणि माझ्या मनात ती बाई नेहमी काहीतरी बोलत असे. शब्द आम्हीच तिच्या तोंडी घातले होते.

पंचांच्या बैठकीत मी हे सांगितलं. आत्याची राधानगरीची गोष्ट सांगितली नाही, ती माझी नव्हती.

थोरले पंच म्हणाले, "तुमी दुधातलं मोजा हो. शास्त्रातलं मोजायला नका लागू. मग काय, उद्या समदे गप्प उभं ऱ्हातील आणि म्हणतील, झाला आमचा पश्चात्ताप!"

पाळकसाहेब म्हणाले, "भरपूर बोलून पश्चात्ताप काहीच न झालेले मी पुष्कळ पाहिलेत, दादा." मग सगळ्यांना उद्देशून, "त्या उभ्या राहतील. मी विचारीन. काय उत्तर देतात ते आपण ऐकू." याहून जास्त काही ठरलं नाही. उभी राहा, एवढं मी आत्याला सांगितलं; बसायला मिळेल की नाही, हे सांगता आलं नाही.

तो रविवार मला पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. खिडक्यांच्या पिवळ्या काचांतून आलेलं ऊन बाकांवर, टकलांवर, पदरांवर साचलेलं. गाण्याचा आवाज दुरून आल्यासारखा. प्रवचन संपलं. आत्या सवयीने उठली आणि उभीच राहिली. पांढरं लुगडं, निळे काठ. सगळ्या माना मागे वळल्या.

पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला पश्चात्ताप होतो?"

"व्हय साहेब. रोज हुतो."

थोरले पंच पुढच्या बाकावरून उठले. "कशाचा, ते सांगू द्या."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. "लग्नाचा म्हणाल तर न्हाय, दादा. ज्याचा हाय त्यो मला ठावं हाय, आणि ज्याला सांगायचा त्याला सांगितलाय." पुढे काही बोलायला तिने तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

मी घड्याळाकडे पाहिलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. काटा चाळीस सेकंद पुढे गेला. मग पाळकसाहेब म्हणाले, "बसा. आज जाऊ नका."

गीत सुरू झालं. पेल्यांची तबकं फिरवायची दोघांनी, उजवीकडे मी आणि डावीकडे थोरले पंच. शेवटचा बाक त्यांच्या बाजूला. ते एकेक बाक करत मागे गेले, आत्याच्या बाकापाशी आले आणि थांबले. तबक त्यांनी पुढे केलं नाही. मागेही घेतलं नाही. माझ्या बाजूचं वाटप संपलं होतं, मी मधल्या वाटेत उभा राहून पाहत होतो.

त्या दिवशी मास्तरीणबाई आपली नेहमीची जागा सोडून मागे आत्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी तबकाची कड धरली.

"द्या हिकडं."

"अगं, बायकांनी..."

"हात थरथरायलेत तुमचे. सांडंल समदं. द्या."

आमच्या चर्चमध्ये बाईने तबक धरल्याचं त्याआधी मी पाहिलं नव्हतं. थोरल्या पंचांनी ते सोडलं. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना, शेवटी त्यांनी ते पाठीमागे बांधले आणि तिथेच उभे राहिले. आत्याने पेला उचलला. सगळ्यांबरोबर प्यायली. नंतर ती मास्तरीणबाईंच्या कानाशी काही पुटपुटली. ते मला त्यांनीच पुढे सांगितलं: "जरा गोडच हुतोय की गं. इतकी वर्षं मी नुसत्या वासावरनं करत आले."

त्याच वेळी माझं लक्ष दाराकडे गेलं. मामा उंबऱ्याबाहेर उभे होते. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पंचवीस मिनिटं फाटकात वाट पाहून ते फाटकाच्या आत आले होते. चपला हातात. त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी होती तशी मी दवाखान्यातल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. मी बाहेर गेलो.

"काय झालं तिला?" त्यांनी विचारलं. "चक्कर आली का?"

"नाही मामा. जेवणाला बसलीय."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. शेवटच्या बाकावर आत्या पाठमोरी होती, हातात तो इवलासा रिकामा पेला धरून बसलेली, तो परत तबकात ठेवायचा असतो हे तिला आठवत नसावं.

"बसू दे की मग," मामा म्हणाले. "निवांत बसू दे. माझी काय घाई न्हाय."

आत या, असं मी त्यांना म्हणालो. ते तेवीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी नको अशी मान हलवली, पायरीवर चपला ठेवल्या आणि चपलांशेजारी बसले. आत शेवटचं कडवं चाललं होतं. मीही त्यांच्याजवळ टेकलो, आणि आम्ही दोघं ते संपेपर्यंत ऐकत राहिलो.