शुक्रवारच्या आधी कुणालाही नाही

आमच्या बँडचं पहिलं सिंगल एका शुक्रवारी येणार होतं. सिंगल म्हणजे एकच गाणं. अख्खा अल्बम काढायची ऐपत नसते तेव्हा काढतात ते. हेवी मेटल, आणि तेही मराठीत. घाटात ब्रेक जळालेल्या ट्रकबद्दल मीच ते लिहिलं होतं आणि गायलोही मीच. गायलो म्हणजे, आमच्या आईच्या भाषेत, कोकललो. दिवसभर मी कुरवंड्याकडच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर ‘वेलकम सर, वेलकम मॅडम’ करत उभा असतो. सहा दिवस गोड बोलून साठलेलं सगळं रविवारी घशातून बाहेर यायचं. पाहुण्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी रजा कशी मिळवायचो, ते माझं मलाच माहीत.

हा कालवा करायला जागा दिली आमच्या ड्रमरच्या वडिलांनी. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही. वडिवळ्याजवळ त्यांची पोल्ट्रीची शेड होती. कोंबड्यांचा धंदा बंद केल्यापासून ती रिकामी पडलेली. “वाजवा हितं,” आबा म्हणाले, “फकस्त भातलावनीच्या टायमाला माझं पोरगं मला पायजे.” आम्ही आत वाजवायचो आणि आबा बाहेर घमेलं पालथं घालून त्यावर बसायचे. “कोंबड्या व्हत्या तवा बी येवढा कालवा नव्हता,” म्हणायचे, पण उठून जायचे नाहीत. एकदा मी मधली एक ओळ विसरलो, तर बाहेरून आवाज आला, “आज त्ये ब्रेकचं कुटं गेलं रं?” तेव्हा मला कळलं की या माणसाला माझे शब्द कळतात. आमच्या आईला ते अजून कळलेले नाहीत.

पुण्याच्या एका स्टुडिओत गाणं रेकॉर्ड झालं. तयार होऊन आम्हा चौघांच्या मोबाईलमध्ये आलं, तेव्हा रिलीजला दोन महिने होते. मी फर्मान काढलं: शुक्रवारच्या आधी कुणालाही ऐकवायचं नाही. आईबापाला नाही, बायकोला नाही. मोठे बँड असंच करतात म्हणे. कसले मोठे आणि कसलं काय! आमच्या गाण्याची वाट बघणारी माणसं एका टेम्पोत मावली असती. तरी मी बँडमधल्या बाकी तिघांनाही गळ्याची शपथ घ्यायला लावली.

आबांनी पहिल्यांदा विचारलं ते शेडच्या दारात. “झालं म्हनं गानं. ऐकीव की.”

“रिलीज झाल्यावर, आबा.”

“मंजी कवा?”

मी तारीख सांगितली. ते हसले. दोन-तीन रविवार गेले आणि त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. “आबा, सगळ्यांना एकच नियम. तुम्हाला ऐकवलं तर बाकीच्यांना मी काय सांगू?” मोबाईल माझ्या खिशातच होता. आबांचा स्वतःचा फोन बटणांचा. त्यांच्याकडून गाणं फुटणार तरी कसं, कपाळ माझं! “बरं बरं. नियम मंजी नियम,” ते म्हणाले आणि घराकडं वळून चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी गोठ्यातच त्यांच्या छातीत कळ आली. कामशेतला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहावा नेमका त्या शुक्रवारी आला. गाणं पुढं ढकलू का, असं मी ड्रमरला विचारलं. “ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला, “आबा तारीख मोजत व्हते.” गाणं बाहेर पडलं, पण आम्ही कुणालाच कळवलं नाही. सकाळी पांढरे शर्ट घालून नदीच्या घाटावर गेलो.

आमच्याकडं दहाव्याला सगळा पट्टा लोटतो. माईक असतो, प्रवचन असतं, मग श्रद्धांजलीची भाषणं. ती उरकली आणि पिंड मांडला. समोर करंजाच्या झाडावर चांगले सात-आठ कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. पाव तास झाला. “कायतरी मनात ऱ्हायलं असंल आबांच्या,” लोक कुजबुजायला लागले. अशा वेळी एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा, ही रीतच आहे. आबांचे धाकटे भाऊ हात जोडून म्हणाले, “बांधाचं भांडान मिटवतो.” जावई म्हणाला, “तुमच्या लेकीला सुखात ठेवीन.” कुणीतरी म्हणालं, म्हस इकनार न्हाई. कावळे ढिम्म.

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं, आणि ते कुणामुळं राहिलंय तेही. मी ड्रमरकडं पाहिलं. डोकं भादरलेलं, ओलं धोतर. त्यानं नको म्हणून मान हलवली. मला वाटलं, चारचौघांत लाजतोय. मी पुढं झालो, “आबा, गाणं आणलंय” म्हणालो आणि मोबाईल सुरू केला. उघड्या घाटावर तो आवाज कुठला पोचतोय! ड्रमरच्या चुलतभावानं, अगदी चांगल्या मनानं, मोबाईलला माईक लावला.

दोन्ही कर्ण्यांतून माझी किंकाळी फुटली आणि झाडावरचे कावळे, सगळेच्या सगळे, नदीपार उडाले. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी घाबरून बंद केलं, पण कावळे काही परत आले नाहीत. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणं उरकल्यावर मी घरात काकूंकडं, म्हणजे ड्रमरच्या आईकडं गेलो आणि पायांवर डोकं ठेवलं. “चुकलो, काकू. तीनदा मागितलं त्यांनी, मी एकदाही ऐकवलं नाही.” मला रडू आवरेना.

“ऐकलं व्हतं की त्येनी,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“पोरानं पयल्याच दिशी ऐकीवलं. मंग रोजचंच झालं. धार काढताना बी त्येच. पाठ झालतं त्यास्नी.”

ड्रमर दारात उभा होता. “शपथ मोडली व्हती ना,” तो खाली बघत म्हणाला, “म्हनून बोललो न्हाई.”

मला क्षणभर त्याचा रागच आला. “मग आबा मला परत परत का विचारायचे?”

काकूंनी पदरानं डोळे पुसले. “त्ये म्हनायचे, पोरानं चोरून दिलंय, त्ये काय खरं न्हाई. ज्याचं गानं हाय त्यानं आपनहून ‘आबा, बसा, ऐका’ म्हनाया पायजे. ऐतवारी तू येनार म्हनलं की धुतलेली टोपी घालायचे बघ. आज ऐकवील म्हनायचे.”