गोळी न लागणारे सदरे

आमचे हे शिंपी. हात सोन्याचा, आणि देवभोळे तर इतके की विचारू नका. परक्या सरकारने आमच्या प्रार्थनेच्या जागेला कुलूप ठोकलं, तेव्हा गुरूंनी डोंगरात माणसं जमवली. सांगितलं, मंतरलेला सदरा अंगात असला की गोळी लागत नाही. ते सदरे शिवायचं काम आमच्याकडे आलं. अट एकच, सदऱ्यात लोखंड नको. बटणंसुद्धा लाकडाची.

"मग सुई काय लाकडाची वापरणार?" मी विचारलं.

"तू गप्प बस गं," हे म्हणाले. हसले मात्र.

मग माझा धाकटा दीर डोंगरात जायला निघाला. ह्यांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलेला. त्याचा सदरा शिवताना ह्यांनी छातीशी, अस्तराच्या आत, जाड लोखंडी पत्रा घातला. मी बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

धाकट्याने सदरा चढवला आणि तसाच काढला. वजन कळणारच ना! अस्तर उसवून पत्रा बाहेर ओढला. दारात एका सोबत्याची आई सदरा न्यायला आली होती, तिच्यादेखत.

"दादा, मला एकट्यालाच लोखंड? मग बाकीच्यांना नुसतं कापड शिवलंस?"

ह्यांनी पत्रा उचलून पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"अरे घाल रे, तुझ्या पाया पडते," मी म्हटलं.

"नको वहिनी. सगळ्यांना जे, तेच मला."

पहिल्याच चकमकीत सगळे गेले. शिपायांनी बाजारात प्रेतं मांडली. आमचा धाकटा कडेला होता, सदऱ्याचं उसवलेलं अस्तर लोंबत.

गुरू म्हणाले, मंत्र खरा होता, शिवणाऱ्याच्या मनात शंका होती. ती आई आमच्या उंबऱ्यावर येऊन थुंकली. "तुझ्या पत्र्याने आमची पोरं खाल्ली!"

मी कडाकडा भांडले. "अगं बाई, कापड होतं ते! कापडातून गोळी आरपार जाते!"

वळून बघते तर ह्यांनी मान खाली घातलेली. "ती खरं बोलतेय," म्हणाले.

आता पुन्हा माणसं जमताहेत. हे आंघोळ करून, उपाशीपोटी सदरे शिवतात. काल आमच्या थोरल्या मुलाला समोर उभा करून छातीचं माप घ्यायला लागले. मी मध्ये आडवी गेले. ह्यांनी मला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं, अगदी हळू.

"तू इथे थांबू नकोस," म्हणाले. "तुझ्या मनात शंका आहे."