घागरींसमोरचा रॉक शो

उदगीर जिल्हा झाला नाही, याला सरकारच्या खालोखाल माझा थोरला भाऊ जबाबदार आहे.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग मला बारमाही असतो, त्यामुळे तो वेगळा धरायचं कारण नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्हा मागणी समितीचं साखळी उपोषण तहसीलसमोर चालू होतं. साखळी उपोषण म्हणजे आज पाच जणांनी बसायचं, उद्या दुसऱ्या पाच जणांनी. सुरुवातीला तसे बसलेही. मग कुणाच्या बायकोनं बोलावून नेलं, कुणाच्या पित्तानं, आणि शेवटी साखळीला एकच कडी उरली. ती मी. सकाळी मीच माझ्या गळ्यात हार घालायचो आणि संध्याकाळी मीच मला लिंबूपाणी देऊन उपोषण सोडायचो. (लिंबू समितीचं, पाणी घरचं.) येणारेजाणारे मात्र चौकशी करत.

"बसलास का, शिवू?"

"बसलो, काका."

"बस, बस." आणि काका पुढे.

गर्दी नसण्याचं कारण उघड होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आम्हाला त्याच्या बातम्या येत होत्या. आमच्या वाट्याला टँकर. तो कधी येणार हे टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. त्यामुळे अख्खं गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. लातूर स्वतः उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं, मग आम्ही लातुरातून फुटलो तर कुणाचं काय बिघडतं, हा माझा बिनतोड मुद्दा होता. पण तो ज्याला सांगायचा तो माणूस कायम पाणी आणायला गेलेला.

एके दिवशी समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब स्कूटरवरून आले. उतरले नाहीत.

"शिवराज, मंडपवाला इचारून राहिला, काढू का म्हणून."

"साहेब, लढा आत्ता कुठं भरात आलाय."

साहेबांनी रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं. सतरंजीवर मी आणि एक कुत्रं. कुत्रं सावलीसाठी आलं होतं, जिल्ह्यासाठी नव्हतं.

"रविवारी पेपरवाल्याला घेऊन येतो. मंडप भरलेला दिसला तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर सोमवारी बांबू उपटायचे."

त्या दिवशी घरी गेलो तो माझ्यासमोर एकच प्रश्न होता: रविवारी मंडपात माणसं आणायची कुठून?

उत्तर घराच्या छतावर, आमच्या माळवदावर बसलं होतं. माझा दादा, महेश. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा तिथं चार पोरांनी मिळून एक बँड काढला होता. साहेबाच्या देशातल्या चौघांचा एक जुना रॉक बँड, त्याचीच गाणी हे चौघे वाजवायचे. (बँडचं नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीत ते कुणालाच धड म्हणता येत नाही आणि चुकीचं छापलं की दादा माझ्याशी बोलणं सोडतो.) पुढे एक पोरगा बंगळूरला गेला, एक कॅनडाला, एकानं लग्न केलं, आणि दादा आमच्या आप्पांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात येऊन बसला. दुष्काळात बियाणं कोण घेतो? दिवसभर काउंटरवर माश्या मारायच्या आणि संध्याकाळी माळवदावर बसून त्या चौघांचा एका मैदानातला शो लॅपटॉपवर बघायचा. तोच शो. रोज. मूळ गायक कुठं खोकतो हेही त्याला पाठ होतं, आणि तो खोकायच्या आधी दादा खोकायचा.

मी म्हणालो, "दादा, रविवारी माझ्या मंडपात तुझी गाणी कर."

त्यानं लॅपटॉपवरचा शो मध्येच थांबवला. बऱ्याच दिवसांत त्याला कुणी गायला सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला फक्त हळू वाजव म्हणायचो.

"गाणी न्हाई," तो म्हणाला. "करायचा तर अख्खा शो करू. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हुबेहूब."

चौघांपैकी एक तो झाला. बाकीचे तिघे आले खाजाभाईंच्या बँड पार्टीतून. दुष्काळामुळे लग्नं पुढे ढकललेली, म्हणून खाजाभाई मोकळेच होते. त्यांचा ढोल, एकाचं क्लॅरनेट आणि एकाचा बँजो. गिटारीचे अवघड तुकडे बँजोवर, आणि जिथं मूळ गायक किंचाळतो तिथं क्लॅरनेट. लग्नाच्या बँडवाल्यांची रीत अशी की पार्टीनं एकदा ऐकवावं, त्यांनी जसंच्या तसं वाजवावं, आणि पार्टी थांबा म्हणेपर्यंत थांबू नये. खाजाभाईंनी शो एकदा पाहिला आणि ढोल बांधला. तालमीत एका ठिकाणी त्यांच्या हातातली काठी खाली पडली. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी पुन्हा पडली.

"खाजाभाई, हात दुखतो का?" मी विचारलं.

"न्हाई जी. त्या गोऱ्याची पडती हितं."

"ती चुकून पडलीय."

"आपल्याला काय माहीत? पार्टीनं दाखवलं तसं वाजवायचं. पडली तर पाडायची."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग दादानं शेवटचं गाणं काढलं. त्या गाण्यात मूळ गायक मंचाच्या कडेला येतो आणि उन्हानं तापलेल्या लोकांवर बादल्या भरभरून पाणी फेकतो.

मी ताडकन उठलो. "पाणी? या दुष्काळात? तुला लाज?"

"दोनच बादल्या."

"चुरमुरे फेक."

"चुरमुऱ्यानं कोण गार होतो? शिवू, त्याच्याशिवाय तो शोच न्हाई. मग नकोच."

तो खरंच गिटार पिशवीत घालू लागला. मला रविवार दिसला, वकीलसाहेब दिसले, उपटलेले बांबू दिसले. मी मान्य केलं. पण लोकांपासून काही लपवायचं नाही हे माझं तत्त्व. पत्रक मीच लिहिलं. "जागे व्हा, उदगीरकर!" अशी सुरुवात, मध्ये लातूरचा निषेध, रेल्वेचा निषेध, हवामान खात्याचा निषेध, आणि तळाला ठळक अक्षरांत: "कार्यक्रमाच्या अखेरच्या गाण्यात कलेची गरज म्हणून मंचावरून दोन बादल्या पाणी प्रेक्षकांवर फेकण्यात येईल. या उधळपट्टीबद्दल समिती आगाऊ दिलगीर आहे."

आजवर माझी पत्रकं लोक भजी बांधायला वापरत. हे पहिलं पत्रक त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, आणि तेही शेवटाकडून.

रविवारी सकाळी मी मंडपात पोचलो तर पुढच्या रांगेत एक घागर ठेवलेली. वाटलं, कुणीतरी विसरलं. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या निलामावशी आल्या आणि तिच्याशेजारी आपली कळशी ठेवून निघाल्या.

"मावशी, हे काय?"

"नंबर लावला."

"कशाचा?"

"पत्रक तूच वाटलंस नव्हं? पानी फेकनार हाव म्हून लिवलंय."

"अहो, ते माणसांवर फेकायचंय."

मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "मान्सावर कामून? फेकनारच हाव तर घागरीत फेका की."

मी माझंच पत्रक काढून पुन्हा वाचलं.

टँकरच्या रांगेत माणूस उभा राहत नाही, भांडं राहतं. भांड्यानं जागा धरायची आणि माणसानं घरचं काम आवरायचं, ही आमच्याकडची शिस्त. ती इथंही पाळली गेली. दुपारपर्यंत माझ्या मंडपात रांगेनं घागरी, कळश्या, प्लास्टिकचे कॅन, तेलाचे डबे, एक मोठं पातेलं. सतरंजी दिसेना. कुत्रं उठून गेलं. मंडप भरला होता, आणि मंडपात माणूस एकच होता. तोच, रोजचा.

संध्याकाळी वकीलसाहेब पेपरवाल्याला घेऊन आले. या वेळी स्कूटरवरून उतरले.

"शिवराज, लोक कुठं हायेत?"

"येतील साहेब. नंबर लावून गेलेत."

पेपरवाल्यानं घागरींचा एक फोटो काढला आणि चहा मिळतो का ते बघायला गेला.

दादा मंचावर आला. काळा चष्मा, उन्हाळ्यात कातडी जाकीट, आमच्या आईची, आव्वाची काळी शाल कमरेला. त्यानं समोर पाहिलं. पुण्याहून आल्यापासून त्यानं या संध्याकाळची किती वेळा कल्पना केली असेल, आणि तिच्यात एकदा तरी पातेलं आलं असेल का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी मंचाच्या कडेला उभा राहून म्हणालो, "दादा, थांबवू का?"

"शो वेळेवर सुरू होतो," तो म्हणाला, आणि खाजाभाईंकडे मान हलवली.

त्यांनी अख्खा शो केला. एक गाणं गाळलं नाही. काठी पडायची तिथं पडली, खोकला यायचा तिथं आला. मूळ शोमध्ये गायक लोकांना ओरडून काहीतरी विचारतो आणि हजारो लोक उत्तर देतात. दादानं विचारलं. आणि जेवढा वेळ तिथं लोक ओरडतात, मोजून तेवढाच वेळ तो हात वर करून शांत उभा राहिला. बँजोवाला तारांकडे बघत होता. वकीलसाहेब बुटांकडे. मी मोठ्यानं "हाव!" म्हणून ओरडलो, पण एकट्याचा आवाज मैदानासारखा होत नाही, हे मला इतर सभांमधून माहीतच होतं.

मग एक झालं. खाजाभाईंनी ढोलावर जाड थाप घेतली आणि रिकाम्या घागरी घुमल्या. आधी पुढची रांग, मग मागची. थाप पडली की सगळा मंडप पोटातून हुंकार द्यायचा. दादानं चष्मा काढला आणि ऐकू लागला.

"सुरात हायेत की वो," खाजाभाई म्हणाले.

त्यानंतर दादा त्यांच्यासाठी गायला. इतका चांगला तो माळवदावर कधी गायला नव्हता, आणि ते ऐकायला मी होतो, एक वकील होते आणि भांडी होती.

शेवटच्या गाण्याचा पहिला ठोका पडला आणि चारी बाजूंनी माणसं आली. बाया, म्हातारे, सायकलवाले. प्रत्येक जण न चुकता आपापल्या भांड्यामागे येऊन उभा. मंडप गच्च. वकीलसाहेब पेपरवाल्याला शोधायला धावले. मला भरून आलं. दादालाही. त्याला वाटलं, आले, उशिरा का होईना, आपल्यासाठी आले. त्यानं झोकात मागची बादली उचलली, खांद्यापर्यंत नेली.

"महेश. ती बादली खाली ठेव."

दुसऱ्या रांगेत डब्यामागे आमची आव्वा उभी होती.

"आव्वा, शो चालू हाय."

"तुजा शो चुलीत घाल. सकाळधरनं न्हाणीतल्या बादल्या हुडकून राहिले मी. आप्पा आंगुळीविना दुकानात गेले. आन् तू डबा घेऊन मला माज्याच पान्याच्या नंबराला लावतूस?"

दादानं बादली खाली ठेवली. शोमधला तेवढाच एक भाग हुबेहूब झाला नाही. आव्वा मंचावर चढली, पदर खोचला आणि तांब्या घेतला. "पुढच्या रांगेपासून. एकेक तांब्या. शिवू, नंबर बघ, लीडर हायस न्हवं?"

खाजाभाईंना थांबा म्हणणारी पार्टी शरमेनं खाली बसली होती, त्यामुळे ते शेवटचं गाणं पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. त्या ठेक्यावर मी नंबर बघितले. दोन बादल्या पहिल्या रांगेतच आटल्या. पातेलंवाल्या बाईंचं म्हणणं, पातेलं मोठं म्हणून दोन तांबे. कॅनवाल्याचं म्हणणं, आपला कॅन दुपारी कुणीतरी मागे सरकवला. दुसऱ्या रांगेतले पहिल्या रांगेवर ओरडू लागले, तिसऱ्या रांगेतले माझ्यावर. गलक्यात निलामावशींचा आवाज खणखणीत आला.

"जिल्हा मागून राहिलेत, आन् दोन बादल्या वाटता येईनात."

पेपरवाला नेमका तेव्हा चहा पिऊन परत आला.

लोक गेले. ज्यांना पाणी मिळालं त्यांनी भांडी नेली. बाकीच्यांनी तिथंच ठेवली. नंबर कशाला घालवायचा? दादा बराच वेळ मंचाच्या कडेला पाय सोडून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो.

"पुण्याला निम्मे लोक मधनंच उठून जायचे," तो म्हणाला. "इथं एक पण उठून गेलं न्हाई."

सोमवारी मंडपवाला बांबू उपटायला आला. त्याच्या आधी टँकर आला होता. रांग आयती दिसली म्हणून ड्रायव्हरनं तो तहसीलसमोरच लावला, आणि लावला तो कायमचाच. बायांनी मंडपवाल्याला हात लावू दिला नाही. भांड्यांना सावली होती. वकीलसाहेबांनी येऊन पाहिलं, मंडप भरलेला होता. शब्द दिलेला. उपोषण चालू राहिलं.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. गच्च मंडप, रोज. रांगेत, शिस्तीत, एक शब्दही उलट न बोलणारा समुदाय. सकाळी बाया यायच्या, भांडी लावायच्या आणि सांगायच्या, "भाऊ, तुमी हितंच असता नव्हं? ध्यान ठेवा जरा." आणि जायच्या. एवढी हजेरी वाया का घालवायची, म्हणून एके सकाळी मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि मराठवाड्याच्या अन्यायावर बोलायला लागलो. रंगात आलो होतो. तेवढ्यात निलामावशी आल्या, आपली घागर उचलली, पालथी ठेवली आणि शेजारच्याही एकेक करत पालथ्या घालू लागल्या.

मी थांबलो.

"तुमी बोला की, भाऊ," मावशी म्हणाल्या. "वारं सुटलंय. आत धूळ जाती म्हून पालथ्या घातल्या."

मी पुढचा मुद्दा घेतला.