फुलाफुलांची टोपी

बेला गावच्या जिनिंग कारखान्यावर कापूस घेऊन गेलो की रांगेत तो हमखास भेटतो. नाव मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्याचा ट्रॅक्टर माझ्या ट्रॅक्टरपेक्षा जुना. पण इंजिनाच्या हवा ओढायच्या नळीवर जुन्या लुगड्याची फुलाफुलांची टोपी, नाडी घालून शिवलेली. आवारात सगळीकडे कापसाची रुई उडत असते. माझ्या महागड्या नव्या फिल्टरवर तिची गादीच बसते, मग मी तो चाकावर आपटत बसतो. हा नुसती टोपी काढतो, झटकतो आणि लेकराला घालावी तशी दोन्ही हातांनी परत चढवतो.

"नवा फिल्टर काऊन नाई बसवत, भाऊ?" मी मुद्दामच खोचकपणे विचारलं.

"बायकोनं शिवली ना टोपी. म्हनते, तुमी त धूळ खाऊनच येता, इंजिननं काऊन खावं?"

त्या वाक्यावर मी घरापर्यंत जळत आलो.

आल्या आल्या बायकोला तशीच टोपी मागितली. तिनं आपलं लुगडं काही दिलं नाही, माझाच जुना सदरा फाडून शिवली. बसली नीट, इंजिनही झकास चालतं. पण रांगेत त्याच्या नळीवर फुलं असतात आणि माझ्या नळीवर माझाच खिसा.